बाळाचं वय कुठून मोजायचं? कमी दिवसांच्या बाळांबद्दल तुमचे प्रश्न

वेळेआधी जन्मलेल्या बाळांवर जगभर जे संशोधन चालतं त्याबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर इतके मेल आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि कुणाचीच नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी ३० व्या आठवड्यात झाली, आता ८ महिन्यांची आहे. अजून बसत नाही, बसवलं की एका बाजूला कलंडते. माझ्या जावेचं बाळ तेवढंच आहे आणि ते रांगायला लागलंय. मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत बसते. तिच्यात काही कमी राहिलंय का?

आधी हिशोब करूया. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे धरले तर तुमची लेक १० आठवडे आधी आली, म्हणजे जवळपास अडीच महिने. ते ८ मधून वजा करा, राहिले साडेपाच. वाढीच्या बाबतीत ती साडेपाच महिन्यांची आहे आणि त्या वयाचं बाळ आधाराशिवाय बसत नाही, कलंडतंच. याला करेक्टेड एज म्हणतात, साधारण २ वर्षांची होईपर्यंत तिचं वजन, उंची, बसणं, चालणं, बोलणं सगळं याच वयाने बघायचं. जावेच्या बाळाशी तुलना मनातून काढून टाका, ती दोघं एका वयाची नाहीतच. (फक्त लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात वजाबाकी नाही, हे बऱ्याच घरांत उलटं होतं म्हणून सांगतेय.)

आता हिशोब बरोबर आला म्हणून निर्धास्त व्हा असंही मी म्हणणार नाही. बसते की नाही यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत, म्हणजे मान नीट सावरते का, दोन्ही हात सारखेच वापरते का की एकच हात पुढे येतो आणि दुसऱ्याची मूठ कायम आवळलेली, लंगोट बदलताना पाय ताठ कडक लागतात का, तुमच्या चेहऱ्याकडे बघते का, आवाजाकडे वळते का. वर्षाच्या आत बाळ डावखुरं-उजवखुरं होत नसतं, त्यामुळे एकाच हाताचा वापर दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहणं) निदान व्हायला वर्ष दोन वर्षं जायची, आता बाळाच्या सहज हालचालींचं निरीक्षण आणि ठराविक तपासणी एकत्र करून करेक्टेड ६ महिन्यांच्या आतसुद्धा ते करता येतं असं २०१७ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन मांडलं, आणि लवकर कळलं की थेरपी लवकर सुरू होते. म्हणून फॉलोअपची तारीख चुकवायची नाही, बाळ छान हसतंय खेळतंय तरीही.

प्रश्न: आमचा मुलगा २७ आठवड्यांचा झाला, ९०० ग्रॅम, अजून एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. मी ऑनलाईन बरंच वाचलं की अशा मुलांचा बुद्ध्यांक कमी असतो, शाळेत मागे पडतात. बायकोला काहीच सांगितलेलं नाही, एकटाच डोक्यात घेऊन फिरतोय. हे सगळं आमच्या बाळाला लागू होतं का?

तुम्ही वाचलंत ते खोटं नाहीये, पण ते कसं वाचायचं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही आणि ते सांगणं आमचं डॉक्टरांचं काम आहे. खूप लवकर जन्मलेल्या मुलांचे अनेक अभ्यास एकत्र केले की बुद्ध्यांकात सरासरी ११ ते १३ गुणांचा फरक दिसतो. हा गटाचा आकडा झाला. त्याच गटात वर्गात पहिली येणारी मुलं आहेत आणि आयुष्यभर मदत लागणारीही आहेत, तुमचा मुलगा त्यात कुठे बसेल हे सरासरी सांगूच शकत नाही. त्यापेक्षा मेंदूच्या सोनोग्राफीत रक्तस्राव दिसलाय का, फुप्फुसं किती दिवस मशीनवर आहेत, इन्फेक्शन किती वेळा झालं, दूध पचतंय का यावरून थोडा अंदाज येतो, तोही अंदाजच. हे प्रश्न तुमच्या डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

दुसरं म्हणजे तारखा बघा. मोठेपणी ही मुलं कशी आहेत हे सांगणारा कुठलाही अभ्यास जुन्या काळात जन्मलेल्या मुलांचाच असणार, दुसरा इलाजच नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधला एपिक्युअर नावाचा प्रसिद्ध अभ्यास १९९५ साली जन्मलेल्या, २६ आठवड्यांच्याही आतल्या बाळांचा आहे. त्यानंतर एनआयसीयूतलं बरंच काही बदललं. एक उदाहरण देते, कॅफिनचं. श्वास घ्यायचं विसरणाऱ्या बाळांना ते औषध म्हणून आधीपासून दिलं जायचं, पण लांबचा परिणाम काय होतो हे कुणी नीट तपासलंच नव्हतं. मग एकूण २००६ बाळांवर एक मोठी ट्रायल झाली आणि ती बाळं दीड-पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा दिसलं की कॅफिन मिळालेल्यांमध्ये सेरेब्रल पाल्सी ४.४ टक्के, न मिळालेल्यांमध्ये ७.३ टक्के. मला स्वतःला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो कारण त्यांनी बाळ घरी गेलं म्हणजे काम संपलं असं मानलं नाही, ११ वर्षांपर्यंत त्या मुलांना परत परत तपासलं.

शाळेचं म्हणाल तर यातल्या काही मुलांना गणित, लक्ष टिकवणं, हात-डोळ्यांचा मेळ लागणारी कामं जड जातात हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत सारखंच आलंय. गोड बोलून ते लपवणार नाही. पण ते माहीत असेल तर तुम्ही शाळेत घालतानाच शिक्षकांना सांगाल की मूल लवकर जन्मलेलं आहे, आणि मग त्याला आळशी, हट्टी असले शिक्के बसण्याआधी मदत मिळेल. माझ्या मते या संशोधनाचा आईबापांना सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

आणि आत्ता काय करू असं वाटत असेल तर त्याच्याशी बोला, हळू आवाजात, त्याच्या काचेच्या पेटीला (इन्क्युबेटरला) तोंड लावून ओरडायची गरज नाही. एनआयसीयूत असताना ज्या बाळांच्या कानावर मोठ्यांचं बोलणं जास्त पडलं त्यांची पुढे भाषा आणि समज थोडी चांगली दिसली असा २०१४ चा एक छोटा अभ्यास आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण बोलण्याने नुकसान तर काहीच नाही ना. आणि बायकोला सांगा हो. तीही बहुतेक हेच वाचून तुमच्यापासून लपवत असेल, आमच्या ओपीडीत मी हे इतक्यांदा बघितलंय.

प्रश्न: मी आजी आहे. नात १४०० ग्रॅमची आहे. नर्स सांगतात तिला पेटीतून काढून आईच्या छातीशी उघडं धरा. एवढं महागाचं मशीन असताना असं का? गारठणार नाही का, इन्फेक्शन नाही का होणार?

आजी, तुमची काळजी अगदी बरोबर आहे, डॉक्टर लोकांनाही बरीच वर्षं असंच वाटायचं. ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटा शहरात सुरू झाली, तिथे पेट्या कमी आणि बाळं जास्त, एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागायची आणि इन्फेक्शनने जायची. डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्याच छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायचं ठरवलं, कांगारूसारखं. तेव्हा सगळ्यांनी धरलं की हे गरिबाचं औषध, मशीन नसेल तिथे करायचं.

ते चुकीचं होतं. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा पाच देशांतल्या दवाखान्यांत एक अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला, १ किलो ते १८०० ग्रॅमच्या आतली तीन हजारांवर बाळं. निम्म्यांना जन्मल्या जन्मल्या छातीशी ठेवलं, निम्म्यांना आधी पेटीत स्थिर करून मग. पहिल्या महिनाभरात पेटीवाल्या गटात १५.७ टक्के बाळं गेली, छातीशी ठेवलेल्यांत १२ टक्के. गारठणंही कमी आणि इन्फेक्शनही कमी, म्हणजे तुम्हाला ज्या दोन गोष्टींची भीती वाटते त्या दोन्ही. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास वेळेआधीच थांबवला, कारण दुसऱ्या गटातल्या बाळांना ते नाकारणं योग्य नव्हतं. मग २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की हे जन्मल्यापासूनच सुरू करा, दिवसाचे ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं. ज्या बाळाला स्वतः श्वासच घेता येत नाही किंवा तब्येत फारच नाजूक आहे त्याचं डॉक्टर वेगळं ठरवतात.

आणि आई थकली, तिला ताप आला, सिझेरियनचं दुखतंय, तर तुम्ही धरा की. त्या अभ्यासातही आईच्या मदतीला घरातली दुसरी बाई होतीच. नातीला तुमची ऊबही चालते.

प्रश्न: सातव्या महिन्यातलं बाळ वाचतं, आठव्यातलं वाचत नाही असं म्हणतात. बहीण ३४ व्या आठवड्यात बाळंत झाली, घरी सगळे घाबरलेत.

अजिबात खरं नाही. पोटात जितके दिवस जास्त तितकं बाळ जास्त सुरक्षित, यात आठव्या महिन्याचा अपवाद नाही. हा समज फार जुना आहे, हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांतही सापडतो. मात्र ३४ आठवड्यांचं बाळ दिसायला पूर्ण वाटलं तरी तसं नसतं, त्याचा मेंदू वजनाने पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण दोनतृतीयांशच असतो. लवकर थकून दूध अर्धवट सोडतं, कावीळ वाढते, साखर उतरते. म्हणून पहिल्या आठवड्यात वजन आणि कावीळ बघायला नक्की न्या.

प्रश्न: बाळ २९ आठवड्यांचं होतं, आता घरी आलंय, जन्माला ५ आठवडे झालेत. डिस्चार्जच्या कागदावर ‘आरओपी तपासणी’ लिहिलंय. ते आमच्याकडे टकामका बघतं, डोळे स्वच्छ आहेत. सव्वा महिना पूर्ण झालाय, तरी थोडं मोठं झाल्यावर नेलं तर चालेल का?

नाही चालणार. आरओपी म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या चुकीच्या वाढणं. त्यात डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ बघतंय असंच वाटतं, बाहेरून आईला काय, मलाही कळणार नाही. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांनीच पडदा बघावा लागतो.

१९४० आणि ५० च्या दशकांत हजारो मुलं याने आंधळी झाली, तेव्हा पेटीत भरपूर ऑक्सिजन सोडायचे. १९५१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं की हा ऑक्सिजनचाच परिणाम दिसतोय. मग ऑक्सिजन एकदम कमी केला तर बाळं दगावायला लागली. आजही तो तोल सोपा नाही, २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात ऑक्सिजनची पातळी खाली ठेवल्यावर डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्यावर आला पण मृत्यू वाढले. म्हणून हल्ली जीव आधी वाचवायचा आणि डोळे वेळेत तपासायचे असं धोरण आहे, आणि त्यातला दुसरा भाग आईबापांनी बाळाला आणलं तरच होतो.

पहिली तपासणी साधारण जन्मानंतर ४ आठवड्यांनी व्हायला हवी, तुमचा पाचवा संपलाय. उपचार लागण्याइतका आजार दिसला तर दोन-तीन दिवसांत लेसर किंवा इंजेक्शन द्यावं लागतं, एवढीच मुदत असते. हे वाचून झालं की दवाखान्यात फोन लावा, कागदावर ‘आरओपी’ लिहिलंय आणि तपासणी अजून झालेली नाही एवढं सांगा, आणि उद्याची वेळ मागा.