मिरजेला जा, पण भविष्य निर्वाह निधी मोडू नका

प्रश्न : माझे वय ३६ आहे. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात अकरा वर्षे नोकरी करतो आणि महिना ९२ हजार रुपये हातात येतात. मी मूळचा मिरजेचा. गेली तीन वर्षे सुट्टीत तिथल्या एका कारागिरांकडे तंबोरा बनवायला शिकतो आहे. आता ते पूर्ण वेळ यायला सांगत आहेत आणि पहिली दोन वर्षे महिना १२ हजार देणार आहेत. पत्नीचे घरून चालणारे हिशेबाचे काम (२२ हजार) तिथूनही सुरू राहील. घर स्वतःचे असल्याने मिरजेत ३० हजारांत भागेल, मात्र विम्याचे हप्ते वर्षाला २.७६ लाख आहेत. मुलगा सहा वर्षांचा आहे, आईला मधुमेह आहे. साडेतीन लाखांची मुदत ठेव आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याने तिसऱ्या वर्षी स्वतःचे दुकान टाकून ६० हजार मिळू लागतील, असा अंदाज आहे. तोपर्यंतची तूट भागवण्यासाठी भविष्य निर्वाह निधीतले ११ लाख काढावेत का?

उत्तर : काढू नयेत. तुमच्या पत्रात याहून मोठी चूक दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही, म्हणून या उत्तराचा बराचसा भाग तिलाच द्यावा लागतो आहे.

मिरजेत तुमचे दोघांचे उत्पन्न ३४ हजार आणि घरखर्च ३० हजार, म्हणजे घर चालते. तूट येते ती महिन्याला २३ हजार पडणाऱ्या हप्त्यांमुळे: महिना १९ हजार, दोन वर्षांत साडेचार लाखांवर. तुमच्या सर्वांत मोठ्या पॉलिसीत वर्षाला १.२० लाख याप्रमाणे वीस वर्षे भरून शेवटी ४५ लाख मिळतील, असे तुम्हाला सांगितले गेले आहे. ते सगळे खरे ठरले, तरी परतावा पावणेसहा टक्क्यांच्या आसपास पडतो. भविष्य निर्वाह निधीवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळाले. सव्वाआठ टक्क्यांचा पैसा मोडून पावणेसहा टक्क्यांच्या पॉलिसीत भरायचा, असा तुमच्या बेताचा अर्थ होतो. नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र धरले जाते, पण नव्या उत्पन्नावर तुम्हाला त्याचा भार जवळपास जाणवणार नाही. तो निधी आहे तिथेच राहू द्या.

चारही पॉलिसी विमा विकणाऱ्या तुमच्या मामांनी दिल्या, असे तुम्ही लिहिता. चौथी गेल्या मार्चमध्ये 'कर वाचवण्यासाठी' घेतली आणि तुम्ही तर नव्या करप्रणालीत आहात, जिथे विम्याच्या हप्त्यावर करात वजावट मिळतच नाही. हे विकणाऱ्याला माहीत असायला हवे होते. चार पॉलिसींत मिळून आजवर १३.८ लाख भरूनही तुमचे विमा संरक्षण ३२ लाखांचे आहे, म्हणजे तुमच्या आजच्या महिना ४८ हजारांच्या खर्चाने कुटुंबाला साडेपाच वर्षे पुरेल इतके. त्या वेळी मुलगा बारा वर्षांचाही झालेला नसेल. अशा विक्रीची मला मनापासून चीड येते, कारण तिच्यामुळे संरक्षणही मिळत नाही आणि माणूस आवडीचे काम करायलाही मोकळा राहत नाही.

आता क्रम नीट पाळा, कारण तो चुकला तर पुढे दुरुस्त करता येणार नाही. पगार चालू असतानाच एक कोटीचा साधा मुदत विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा विमा, घ्या. विमा कंपनी उत्पन्न पाहून संरक्षण देते आणि १२ हजारांच्या कमाईवर एवढी रक्कम मंजूर होणे कठीण आहे. आरोग्य विम्याचेही तसेच. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपेल आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. आईंसाठी हा काळ फार महत्त्वाचा आहे. म्हणून गट विम्याच्या त्याच कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, आणि आधीची वर्षे धरली जातील का, हे राजीनाम्याआधी लेखी विचारा. मुदत विमा, तुम्हा तिघांचा आरोग्य विमा आणि आईंचा वेगळा, असे मिळून वर्षाला अंदाजे ७५ हजार लागतील. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेवढी सवलत आहेच.

मुदत विम्याची पॉलिसी हातात पडल्यावरच जुन्यांचे हप्ते थांबवा. सात, पाच आणि चार वर्षे भरलेल्या तीन पॉलिसी पेड-अप करा. पुढे हप्ता भरायचा नाही, संरक्षण त्या प्रमाणात कमी होते आणि भरलेल्या वर्षांचे पैसे मुदतीअखेर मिळतात. चौथी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच बंद करून मिळेल ती रक्कम घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांमुळे एक वर्षाचा हप्ता भरून वर्ष पूर्ण झाले असले, तरी काही रक्कम परत मिळते. नुकसान होईल, पण दरवर्षी तिच्या हप्त्यात आणखी ४८ हजार घालण्यापेक्षा ते कमी आहे.

मग हिशेब असा राहतो: उत्पन्न ३४ हजार, खर्च ३० हजार, नवा विमा सव्वासहा हजार. तूट महिना सव्वादोन हजार, दोन वर्षांत ५५ हजारांच्या आत. ती मुदत ठेवीतून सहज भागेल. शिवाय ग्रॅच्युइटीचा तुम्ही उल्लेखही केलेला नाही. तुमच्या ४५ हजार मूळ पगारावर अकरा वर्षांचे सुमारे २.८५ लाख मिळतील, तेही करमुक्त.

दुकानाचा अंदाज मात्र मला मान्य नाही. २०२४ मध्ये मिळालेले मानांकन मिरजेचे नाव इतरांना वापरू देत नाही, पण ते गिऱ्हाईक आणून देत नाही. ते नाव वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुम्हालाही स्वतंत्र नोंदणी करावी लागेल. तंबोऱ्याचे भोपळे हंगामात घेऊन वाळवून ठेवावे लागतात, त्यामुळे भांडवल महिनोन्महिने अडकते. रियाजापुरता इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाईलवरचे ॲप अनेकांना पुरते. उरतो तो जाणता कलाकार आणि तो जवारी, म्हणजे घोडीवर तार लावून काढलेला तारेचा गुंजणारा नाद, ऐकून वाद्य घेतो. जवारी काढणारा हात तीन वर्षांच्या सुट्ट्यांत आणि वर दोन वर्षांत तयार होईल, असे तुमचे कारागीर स्वतः म्हणतात का, हे त्यांना विचारा. माझ्या हिशेबात मी पाच वर्षे धरली आहेत आणि तिसऱ्या वर्षापासून ६० नव्हे, २० हजार. ग्रॅच्युइटीला तोवर हात लावू नका. पहिल्या हंगामाचे भोपळे आणि तुणीचे लाकूड त्यातूनच घ्यायचे आहे.

मोठ्या पॉलिसीचा पुढचा हप्ता ऑगस्टमध्ये आहे. मुदत विम्याचा अर्ज या आठवड्यात करा आणि चारही पॉलिसींचे पेड-अप व सरेंडर मूल्य विमा कंपनीच्या शाखेतून स्वतः लेखी मागवा, मामांमार्फत नको.