परदेशात कार्ड मशीनवर रुपये निवडले तर फॉरेक्स मार्कअप वाचतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पॅरिस आणि स्वित्झर्लंडच्या सहलीत क्रेडिट कार्डावरचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते टक्केवारीचं शुल्क, कमी कसा करायचा, ही एक. आणि सहलीच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलंय की मशीनवर युरोऐवजी रुपये निवडले की मार्कअप लागतच नाही, ते खरं का, ही दुसरी. आधी दुसरीचं सांगतो, कारण हा सल्ला दर उन्हाळ्यात नव्याने फिरतो, माहीतगार म्हणवणारे लोक तो देतात, आणि तो साफ चुकीचा आहे.

रुपये निवडले की डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, म्हणजे डीसीसी, लागू होतं. मग विनिमय दर व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठरवत नाही, दुकानदाराच्या मशीनमागची कंपनी ठरवते. ती आपलं मार्जिन दरातच मिसळते आणि त्यातला वाटा दुकानदाराला देते. काउंटरवर रुपयांचा आग्रह होतो तो यामुळे.

पॅरिसच्या हॉटेलचं 400 युरोचं बिल घ्या. हिशोब सोपा जावा म्हणून युरो 100 रुपयांना धरू, म्हणजे मूळ रक्कम 40,000. साडेतीन टक्के मार्कअपच्या साध्या कार्डाने युरोत भरलं तर मार्कअप 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252, एकूण 41,652. दोन टक्केवालं कार्ड असेल तर 800 अधिक 144, एकूण 40,944. आता रुपये निवडा. डीसीसीचं मार्जिन 6 टक्के असेल तर मशीनवर 42,400 दिसतील. हे मार्जिन याहून कमी असतं तसंच बरंच जास्तही असतं. आणि इथे संपत नाही. चलन रुपया झालं तरी दुकान परदेशातलंच राहतं, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच बँका अशा व्यवहारावर वेगळं शुल्क लावतात, साधारण एक टक्का अधिक जीएसटी. म्हणजे आणखी 500. एकूण 42,900. ज्या मार्कअपला घाबरून रुपये निवडले, तो भरून 1,248 रुपये कमीच गेले असते.

‘निदान किती रुपये गेले ते जागच्या जागी कळतं’, हा यावरचा ठरलेला प्रतिवाद. कळतं, पण महाग पडलेला आकडा कळतो. आणि बँकेचं ते एक टक्क्याचं शुल्क मशीनवर दिसतच नाही, ते थेट स्टेटमेंटमध्ये येतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळांवर दराचा कॅल्क्युलेटर आहे. तारीख, रक्कम आणि बँकेचा मार्कअप टाकला की रुपयांतला आकडा समोर येतो. तो अंतिम नसतो, कारण व्यवहार दोन-तीन दिवसांनी सेटल होतो आणि दर थोडा हलतो, पण तो फरक एरवी किरकोळ असतो.

मशीनवर हे कसं दिसतं ते नीट पाहून ठेवा. स्क्रीनवर दोन रकमा येतात, वर युरो 400.00, खाली रुपये 42,400.00, आणि शेजारी दर. अनेकदा मशीन ग्राहकाकडे येण्याआधी दुकानातलाच माणूस बटण दाबून मोकळा होतो. म्हणून कार्ड देतानाच ‘युरो’ किंवा ‘फ्रँक’ असं स्पष्ट म्हणा, आणि पिन टाकण्याआधी रक्कम कोणत्या चलनात आहे ते वाचा. पावतीवर रुपये छापून आले तर काउंटर सोडू नका. व्यवहार व्हॉइड, म्हणजे रद्द, करून स्थानिक चलनात पुन्हा करायला सांगा, नियमाने निवड ग्राहकाची असते. ऐकलं नाही तर पावतीवर सही करण्याआधी ‘स्थानिक चलनाचा पर्याय दिला नाही’ असं इंग्रजीत लिहा, फोटो काढा आणि परतल्यावर बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे व्यवहाराविरुद्ध तक्रार, टाका. मात्र पावतीवर बहुधा बारीक अक्षरांत ‘मला चलनाची निवड दिली होती’ अशा अर्थाची ओळ असते. त्याखाली सही केलीत तर प्रकरण कमजोर होतं.

एटीएमवरही हाच प्रश्न येतो. तिथे ‘विदाउट कन्व्हर्जन’ निवडायचं. पण ते डेबिट किंवा फॉरेक्स कार्डासाठी (म्हणजे आधीच परदेशी चलन भरून नेलेलं कार्ड). क्रेडिट कार्डाने रोख काढूच नका: कॅश ॲडव्हान्सचं शुल्क, त्यावर जीएसटी, वर मार्कअप, आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

घरी बसून काढलेल्या रेल्वे आणि म्युझियमच्या तिकिटांनाही हे लागू आहे. परदेशी संकेतस्थळ भारतीय कार्ड ओळखून आपोआप रुपये दाखवतं, तिथे चलन बदलून युरो किंवा फ्रँक करा.

आता पहिली गोष्ट, कार्ड कोणतं. आयडीएफसी फर्स्ट वाऊ, फेडरल बँकेचं स्कॅपिया, आरबीएलचं वर्ल्ड सफारी ही शून्य मार्कअपवाली म्हणून ओळखली जातात. अर्ज करण्याआधी बँकेचा चालू शुल्कतक्ता वाचा, कारण अटी बदलतात. पण शून्य म्हणजे सर्वात स्वस्त असं समजू नका. दोन टक्के मार्कअपच्या कार्डाचा खरा खर्च 2.36 टक्के. त्याचे रिवॉर्ड पॉइंट तुम्ही खरोखर वापरता त्या भावाने याहून जास्त भरत असतील, तर तेच कार्ड वापरा. पॉइंट तसेच पडून राहत असतील तर शून्यवालं घ्या.

फॉरेक्स कार्डाचा आग्रह मला पटत नाही. युरो भरलेल्या कार्डाने स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकचं बिल दिलं की क्रॉस करन्सी शुल्क लागतं, बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के. शिवाय त्यात भरलेली रक्कम एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पाठवायच्या पैशांवरच्या रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक मर्यादेत, मोजली जाते. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च मोजला जात नाही. तो मोजण्याचा 2023 मधला निर्णय सरकारने त्याच वर्षी जूनअखेर पुढे ढकलला. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीची डिपॉझिट तर क्रेडिट कार्डावरच द्यावी, कारण तिथे रक्कम फक्त रोखून धरली जाते. फॉरेक्स कार्डावर तेवढे तुमचे स्वतःचे पैसे अडकून बसतात.

निघण्याआधी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. ऑक्टोबर 2020 पासून नव्या कार्डांवर तो मुळात बंदच येतो. पीओएस (दुकानातलं कार्ड मशीन), ऑनलाइन आणि एटीएम यांची बटणं वेगवेगळी असतात: पहिलं चालू, दुसरं गरजेपुरतं, तिसरं बंद. दोन कार्डं न्या, एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड, आणि दोन्हींचे पिन पाठ असू द्या. तिकिटांच्या स्वयंचलित मशीनवर पिनशिवाय अडतं.

वर मी बँकांच्या शुल्काचे साधारण आकडे धरले आहेत, तुमच्या कार्डाचे वेगळे असू शकतात. डीसीसीचं मार्जिन 3 टक्केच असलं तर? बँकेचं शुल्क आणि जीएसटी धरून ते 4.2 टक्क्यांवर जातं. साडेतीन टक्केवाल्या कार्डाने युरोत भरलं तर 4.13. ग्रुपवर पुन्हा कुणी रुपये निवडायला सांगितलं तर हे दोन आकडे तिथे टाका.