अतिनील प्रकाशानं पाण्यातले जंतू मारणाऱ्या यूव्ही यंत्राच्या पॅनेलवर डोस, म्हणजे पाण्याला मिळालेला प्रकाश, ४२ दिसतो. तो खरा आहे का, हे कसं तपासायचं?

तुमच्या पॅनेलवरचं ते ४२ कुणी मोजलेलं नसतं, बहुधा गुणाकार करून काढलेलं असतं. बाटलीबंद पाण्याच्या प्लांटमध्ये बसून तुम्हाला ही शंका आली याचंच मला कौतुक वाटलं. या एका आकड्यावरून माझं वर्षभर भांडण चाललं होतं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

मी मायक्रोबायोलॉजीची. भोसरीतल्या एका यूव्ही बनवणाऱ्या कंपनीत होते, बाकी सगळे मेकॅनिकल. नवा रिअ‍ॅक्टर तयार झाला, म्हणजे पाणी ज्यातून दिव्यांजवळून वाहतं ते भांडं: पोटात २० लिटर पाणी, तासाला २० घनमीटर प्रवाह. साहेबांनी एक्सेल उघडली. पाणी आत ३.६ सेकंद राहतं, सरासरी तीव्रता चौरस सेंटीमीटरला १२ मिलीवॅट, म्हणून डोस ४३ मिलीज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. झालं, ब्रोशर छापायला मोकळे! मी म्हटलं, एकदा पाण्यात फेज, म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू, सोडून बघूया. भर मीटिंगमध्ये उत्तर आलं, "मॅडम, गणित एवढं सरळ असताना किडे कशाला पाळायचे?"

पुढे एका परदेशी गिऱ्हाइकानं बायोडोसिमेट्रीचा, म्हणजे जंतू किती मेले त्यावरून डोस काढल्याचा, रिपोर्टच मागितला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. बोअरचं पाणी टाकीत भरलं. नळाचं पाणी घेतलं तर त्यातलं क्लोरीनच फेजला मारतं आणि श्रेय यूव्हीला जातं. पाण्याची पारदर्शकता, म्हणजे यूव्हीटी, मुद्दाम खाली आणायला इन्स्टंट कॉफी घातली. हसू नका, व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे अशा चाचणीत, ती खरंच वापरतात. आमचे हेल्पर काका दर अर्ध्या तासानं विचारत, "मॅडम, दूध-साखर कधी?" मग एमएस-टू फेज सोडला. हा फक्त ई. कोलायला धरतो, माणसाला काही करत नाही.

त्याच पाण्याचा नमुना घेऊन रात्री कॉलिमेटेड बीमखाली बसले. वर दिवा, खाली काळी नळी, तिच्याखाली चुंबकावर ढवळणारी पेट्री डिश. इथे डोस नेमका कळतो, कारण डिशमधल्या प्रत्येक थेंबाला सारखाच प्रकाश मिळतो. डिटेक्टर पाच-पाच मिलिमीटर सरकवत डिशभरची तीव्रता मोजायची, पाणी किती प्रकाश शोषतं ते वजा करायचं. आमच्या फेजला एक लॉग, म्हणजे दहातले नऊ, मरायला साधारण २० मिलीज्यूल लागत होते.

दुसऱ्या दिवशी प्लाक, म्हणजे जिवंत फेजनं प्लेटवर पाडलेले ठिपके, मोजले. रिअ‍ॅक्टरमध्ये शिरताना मिलिलिटरला १० लाख, बाहेर पडताना ८० हजार. म्हणजे १.१ लॉग, म्हणजे २२ मिलीज्यूल. एक्सेलच्या जेमतेम निम्मे.

"इनक्युबेटर बिघडला असेल," साहेब म्हणाले. पण मी दिवे बंद ठेवूनही एक फेरी घेतली होती. तेव्हा आत-बाहेर आकडा तोच. प्लेट खोटं बोलत असती तर तिथेही बोलली असती. खरी गोम इनलेटला होती. तोंडाशीच काटकोनातला एल्बो होता, त्यामुळे पाणी एका भिंतीला चिकटून, दिव्यांपासून लांबून पळत होतं. भोकं पाडलेली एक बॅफल प्लेट बसवा म्हटलं, तर प्रेशर पडतो म्हणून नकार. ऑर्डर गेली, आणि ती माझ्या प्लेटांनी घालवली असं ठरलं.

आता त्या एक्सेलचं चुकतं कुठे? समजा, निम्म्या पाण्याला ६० डोस मिळाला आणि निम्म्याला २०. सरासरी ४०. पण फेजचा हिशेब करा: पहिल्या निम्म्यात हजारातला एक वाचला, दुसऱ्यात दहातला एक. एकत्र पाण्यात १.३ लॉगच घट, म्हणजे डोस २६. जिवंत राहिलेले सगळे त्या घाईत गेलेल्या पाण्यातले. एक टक्का पाणी दिवा न बघताच निसटलं, तर दिवे कितीही वाढवा, दोन लॉगच्या वर जाता येत नाही. आणि जंतू नाजूक असेल तर याच रिअ‍ॅक्टरचा आकडा २६ वरून आणखी खाली, २० कडे सरकतो. म्हणून जंतूचं नाव न सांगता डोस सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

शिवाय सगळे जपतात ते ४० म्हणजे काय ते तरी माहीत असावं. ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या मानकांत तो आकडा बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे स्पोअर वापरून, चालत्या रिअ‍ॅक्टरवर सिद्ध करावा लागतो. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या नियमांत क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या तीन लॉगला १२ पुरतात आणि विषाणूंच्या चार लॉगला १८६ लागतात. आपल्याकडे मात्र ४० आरतीसारखं म्हटलं जातं.

तर तुम्ही काय करायचं? सेन्सर एका बिंदूवरची तीव्रता बघतो. प्रवाह दुप्पट केलात तरी त्याला पत्ता नसतो. पॅनेलमध्ये फ्लोमीटरची वायर आली आहे का, ते आधी बघा. नसेल तर ते ४२ एका ठरावीक प्रवाहाचं, कायमचं कोरलेलं आहे. विक्रेत्याकडे व्हॅलिडेशन रिपोर्ट मागा: कुठला जंतू, कुठल्या प्रवाहाला, किती यूव्हीटीला. क्वार्ट्ज स्लीव्हवर, म्हणजे दिव्याभोवतीच्या नळीवर, पांढरा थर असेल तर आधी तो काढा. आणि आउटलेटची प्लेट स्वच्छ आली म्हणून खूश होऊ नका. आरओनंतर आत येणाऱ्या पाण्यातच जंतू जेमतेम असतात, लॉग काढणार कशातून?

एक कबूल करायला हवं. आरओच्या पाण्याची यूव्हीटी चांगली असते, त्यामुळे तुमच्याकडे फरक आमच्याइतका मोठा नसेलही. आमच्या कॉफीनं साहेबांच्या आकड्याला जरा जास्तच शिक्षा केली, हेही खरं. पण एल्बो कॉफीमुळे वाकडा झाला नव्हता.

विक्रेत्यानं रिपोर्टऐवजी एक्सेल पाठवली, तर आकारमान भागिले प्रवाह हा सेल शोधा आणि त्याला विचारा, हे सेकंद नक्की कुठल्या थेंबाचे?