जाड मानेचा मोर

"मॅडम, आम्ही आत्याला एकटीला टाकलं." खुर्चीत बसता बसता त्यांचं हे पहिलं वाक्य. वय ५२, नोकरी पुण्यात. आत्या ८६व्या वर्षी सोलापुरात, पूर्व भागातल्या दोन खोल्यांत रात्री झोपेतच गेली. सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा कळलं. दहाव्याला कुणीतरी बोलून गेलं, "शेवटी तोंडात पाणी घालायलाही कोणी नव्हतं." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ही बोच घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. ८६ वर्षांचं आयुष्य त्या एका रात्रीखाली दबून जातं.

"पुण्याला नेलं नव्हतं का?"

"नेलं होतं की! नवव्या दिवशी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं परत आली. म्हणे, तुमच्याकडं चहा पण विचारून प्यावं लागतंय."

आम्ही दोघंही हसलो. मग ते बराच वेळ रडले.

पुढच्या वेळी फोटो नको, तिच्या हातचं काहीतरी आणा, म्हटलं. त्यांनी पत्र्याची पेटी आणली, आत ग्राफपेपरच ग्राफपेपर. आत्यानं लग्न केलं नाही; चादरींची नक्षी काढून स्वतःचं पोट भरलं. त्यांनी मला शिकवल्यासारखं समजावलं: कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे धागा वर की खाली. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डांची माळ जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची, की माग त्याबरहुकूम विणतो. चादर उलटली की तीच नक्षी, रंग मात्र अदलाबदल झालेले. लहानपणी आकडे मोजायला ते याच चौकोनांवर शिकले होते. एका कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं: "मोराची मान जाड झाली. राहू दे, थंडीत बरी."

टाकलं हा शब्द त्या दिवशी एकदाही आला नाही.

एक खंत मात्र राहिली. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेला येतो म्हणून ते आले नव्हते. ती मी पुसायला गेले नाही. "तुमचं काहीच चुकलं नाही" असं सरसकट सांगणं मला पटत नाही. समोरच्याला त्यातला खोटेपणा कळतो. यात्रेतल्या मिरवणुकीचे उंच नंदीध्वज एकत्र बघायचे राहिले, एवढंच ते चुकणं. त्याचा अर्थ टाकलं असा होत नाही.

दुःखाला मुदत नसते हे खरं. तरी सहा महिने उलटूनही रोज तीच टोचणी, कामात लक्ष नाही, जगणं नकोसं, असं असेल तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

पाचव्या भेटीला ते अर्धा तास उशिरा आले. सोलापुरातल्या चाटी गल्लीत चादरींच्या दुकानादुकानांतून जाड मानेचा मोर शोधत होते. मिळाला नव्हता. पुढच्या शनिवारी परत बघतो म्हणाले.