डेटिंग अ‍ॅपवर ‘हीच ती व्यक्ती’ का सापडत नाही?

दोन वर्षे डेटिंग अ‍ॅप वापरून आणि अनेकांना भेटूनही ‘हीच ती व्यक्ती’ असे एकदाही वाटले नाही, तर दोष अपेक्षांचा की अ‍ॅपचा, असे आपण विचारले आहे. मला हे दोन दोष वेगळे वाटत नाहीत, कारण जुन्या कल्पनेला नव्या साधनाने खतपाणीच घातले आहे.

आपल्यासाठी घडलेली एकच व्यक्ती जगात कुठेतरी आहे, ही समजूत फार जुनी आहे. माणूस मूळचा अखंड होता, ग्रीकांचा देवराज झ्यूस याने त्याचे दोन तुकडे केले आणि तेव्हापासून प्रत्येक अर्धा भाग दुसऱ्याला शोधतो आहे, अशी कथा ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या एका संवादात नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिस सांगतो. मानसशास्त्रज्ञ रेमंड नी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, नाते विधिलिखित असते असे मानणाऱ्यांचे नाते टिकणे हे सुरुवातीच्या समाधानावर अधिक अवलंबून असल्याचे दिसले. म्हणजे पहिल्या काही भेटींत मन भरले नाही की अशी माणसे ‘ही ती व्यक्ती नव्हे’ असे ठरवून लवकर बाजूला होतात.

पूर्वी बाजूला झाल्यावर निदान काही काळ एकटे राहावे लागे. २०१२ साली टिंडर हे डेटिंग अ‍ॅप आले, बोटाच्या एका हालचालीने पुढचा चेहरा समोर येऊ लागला, आणि नकार देण्याची किंमत जवळजवळ उरलीच नाही. शिवाय तिथे निवड होते ती छायाचित्र, वय, उंची, व्यवसाय अशा नोंदवता येणाऱ्या गोष्टींवरून. मानसशास्त्रज्ञ सामंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, झटपट भेटींच्या (स्पीड डेटिंगच्या) कार्यक्रमात आलेल्या लोकांकडून शंभराहून अधिक गुणविशेष आणि आवडीनिवडी आधीच भरून घेतल्या होत्या. तरीही नेमके कोणाला कोण विशेष आवडेल, याचे भाकीत संगणकाला करता आले नाही.

मी हे स्वतः अनुभवले आहे. ज्याच्याशी आज माझे नाते आहे, त्याला पहिल्यांदा भेटून घरी आले, चप्पल काढायच्या आधीच अ‍ॅप उघडले आणि इतर चेहरे पाहू लागले, कारण ‘काहीतरी व्हायला हवे होते’ ते झाले नव्हते. तिसऱ्या भेटीत एक अवघड प्रसंग सांगताना मी मध्येच अडखळले, शब्द सुचेना. त्याने घाईने माझे वाक्य पूर्ण केले नाही, विषयही बदलला नाही. हातातला कप खाली ठेवून तो नुसता थांबला. त्याच्या प्रोफाइलमध्ये हे कुठेही नव्हते आणि असणे शक्यही नव्हते.

अ‍ॅप सोडा, असे मी म्हणणार नाही. ज्यांचा परिचयाचा परीघ लहान आहे, किंवा ज्यांना आपली समलैंगिकता उघडपणे सांगता येत नाही, त्यांच्यासाठी ती खरोखर मोठी सोय आहे. ज्या व्यक्तीशी बोलताना वेळ बरा गेला, तिला तीनदा भेटेपर्यंत नवे प्रोफाइल पाहू नका, एवढेच सुचवते. मात्र जिथे अपमान झाला किंवा भीती वाटली, तिथे दुसऱ्या भेटीचीही गरज नाही.