आधी अंधाराची सवय कर

नागपूर, मे अखेर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या रोडॉप्सिन या प्रथिनावर सॉलिड-स्टेट एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल घेऊन न विरघळलेला नमुना तपासणं) करायचं तू ठरवलंस, फार आनंद झाला. नवतपा सुरू आहे, कूलरसमोर बसूनही घाम थांबत नाही, तरी आजच लिहायला घेतलं. कारण तुझ्या प्रस्तावातलं एक वाक्य: ‘संपूर्ण प्रथिनाची रचना उलगडणार’. ते खोड.

ती रचना स्फटिकावरून २००० सालीच मिळाली. ३४८ अमिनो आम्लांची साखळी, पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेली. तुझं काम त्याच्या पुढचं आहे. क्ष-किरणांना हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही, आणि इथे तर सगळं एका प्रोटॉनवर अडलेलं. २९६व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला प्रकाश शोषणारं रेटिनल शिफ बेसनं (कार्बन-नायट्रोजनच्या दुहेरी बंधानं) जोडलेलं असतं. त्या नायट्रोजनवर प्रोटॉन, आणि जवळच त्याला सांभाळणारं ११३वं ग्लुटामेट. एक फोटॉन पडला की जेमतेम २०० फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचाही दहा लाखावा भाग) वाकलेलं ११-सिस रेटिनल सरळ, ऑल-ट्रान्स होतं, आणि पुढे प्रथिन मेटा-२ या सक्रिय अवस्थेत पोचेपर्यंत तो प्रोटॉन नायट्रोजनला सोडून ग्लुटामेटकडे जातो. लायसिनच्या टोकाला नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचं जड रूप) घातलास, तर प्रोटॉन गेल्यावर शिफ बेसचा सिग्नल शंभराहून जास्त पीपीएम (एनएमआरमधलं सिग्नलच्या जागेचं माप) सरकतो. साखळीत बाकीची लायसिनं आहेतच, पण हा सिग्नल त्यांच्यापासून दूर, एकटा उभा असतो. इतकं स्वच्छ उत्तर आपल्या कामात क्वचित मिळतं! म्हणून आधी एक अणू निवड आणि त्याला एकच प्रश्न विचार.

पटलात रुतलेलं प्रथिन द्रावणातल्यासारखं गिरक्या घेत नाही, म्हणून सिग्नलच्या रेषा पसरतात. त्यावर उपाय म्हणून रोटर (नमुना भरायची छोटी नळी) चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांत तिरपा ठेवून सेकंदाला दहा हजार वेळा फिरवायचा, हे तू वाचलंच असशील. वाचून न कळणारी गोष्ट अशी की फिरताना घर्षणानं नमुना तापतो. पडद्यावर दिसतं ते तापमान नमुन्याचं नसतं. रोटरमध्ये लेड नायट्रेट भरून त्याच्या सिग्नलवरून खरं तापमान आधी मोजून ठेव. रोटरचा कोन पोटॅशियम ब्रोमाइडच्या सिग्नलवर लाव. मुंबईला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) मशीनवर वेळ मिळेल तेव्हा ही कामं शिकण्यात दिवस घालवू नकोस, हात बसवूनच जा.

आता अंधार. हे जरा सविस्तर लिहिते, कारण त्यात माझे तीन महिने गेले आहेत. उजेड पडला की रोडॉप्सिन बिघडतं, म्हणून सगळं काम लाल दिव्याखाली करायचं. पण त्या दिव्याखाली ते रंगहीनच भासतं, चांगलं की बिघडलेलं ते डोळ्यांना कळत नाही. एका रात्री नायट्रोजन-१५ची खूण घातलेला नमुना फ्रीजमध्ये ठेवून मी घरी गेले. दार नीट लागलं नव्हतं, आतला दिवा रात्रभर जळत राहिला. सकाळी स्पेक्ट्रम (कोणता रंग किती शोषला जातो त्याचा आलेख) काढला तर ५०० नॅनोमीटरचा उंचवटा गायब, आणि ३८० ला नवा उभा. बाटली खिडकीशी नेली. गुलाबी असायला हवं होतं, हळदीच्या पाण्यासारखं फिकट पिवळं दिसलं. त्या दिवशी सीताबर्डीपर्यंत पायीच गेले, बसमध्ये चढावंसं वाटेना.

तेव्हापासून फ्रीजचा दिवा काढल्याशिवाय नमुना आत जात नाही, बाटलीला दुहेरी फॉइल असते, आणि रोटर भरण्याआधी व मोजणीनंतर स्पेक्ट्रम काढतेच. तूही काढ. मोबाइल खोलीबाहेर ठेव.

पहिलं वर्ष मात्र बॅक्टेरियोरोडॉप्सिनवर घालव. दृष्टीशी त्याचा संबंध नाही, पण सात सर्पिलं तीच, रेटिनलही तसंच लायसिनला जोडलेलं. मिठात वाढणारा सूक्ष्मजीव ते भरपूर बनवतो. उजेड पडला तरी ते फिरून मूळ अवस्थेत येतं, चुकीला क्षमा करतं. रोडॉप्सिन करत नाही. जनुकीय संकेत उलगडणाऱ्या हरगोविंद खोरानांनीही नोबेलनंतर याच दोन प्रथिनांवर वर्षानुवर्षं काम केलं.

रोडॉप्सिनमध्ये २३व्या जागेवर प्रोलिनऐवजी हिस्टिडिन आलं की रेटिनायटिस पिग्मेंटोझा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार होतो, माणूस आधी रातांधळा होतो. त्या नमुन्यापर्यंत तू पोचावंस असं मला मनापासून वाटतं.

रविवारी ये. निवडलेल्या अणूंचा कागद आण. माझा लाल दिवा तुला देते, पण त्यातून ६५० नॅनोमीटरच्या खालचं काही निसटत नाही ना, ते तू स्वतः तपासून घे.

तुझी,
मॅडम