‘राइट टू वर्क’, युनियनची वर्गणी आणि नोकरी: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या निरनिराळ्या राज्यांतून मराठी वाचकांची पत्रं येतात, पण गोंधळ एकच असतो. ‘राइट टू वर्क’ या कायद्याबद्दल प्रत्येकाने कुठून तरी काही ऐकलेलं असतं आणि कायदा वाचायच्या फंदात मात्र कोणी पडलेलं नसतं. कामगार कायद्याची वकील म्हणून सतत तीच उत्तरं देत असते, म्हणून या वेळी काही पत्रं एकदमच घेते.

प्र. आमच्याकडे हा कायदा आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या रोजगार हमीसारखा कामाचा हक्क का? (इंडियानापोलिस)

नाही. या कायद्याने कोणालाही तासाभराचंसुद्धा काम मिळत नाही. युनियन आणि कंपनी यांच्या करारात ‘युनियनला पैसे भरा, नाहीतर नोकरी सोडा’ असं कलम नको, एवढंच तो सांगतो. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना ही मुभा दिली. आज २६ राज्यांनी ती वापरली आहे.

प्र. मला अचानक कामावरून काढलं. एचआर म्हणाली, ‘टेक्सस राइट टू वर्क राज्य आहे, कारण द्यावं लागत नाही.’ मित्रांनीही तेच सांगितलं. त्याच बैठकीत सेव्हरन्सच्या (नोकरी जाताना कंपनी देते त्या पैशांच्या) कागदांवर सही केली. चार महिने झाले. आता काही करता येईल का? (डॅलस)

चार महिने! हे पत्र दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं, आणि माझ्याकडे नव्हे, डॅलसमधल्या वकिलाकडे जायला हवं होतं.

एचआरने तुम्हाला सांगितलं त्याचा आणि या कायद्याचा काडीचाही संबंध नाही. कारण न देता काढता येतं ते ‘ॲट-विल’ तत्त्वामुळे, आणि ते मोंटाना सोडून सगळ्या राज्यांत लागू आहे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात राइट टू वर्क नाही, तिथेही तुम्हाला असंच काढता आलं असतं. उलट, ‘सबळ कारणाशिवाय काढणार नाही’ हे संरक्षण इथे बहुतेकांना मिळतं ते युनियनच्या करारातून. ज्या कायद्याचं नाव घेऊन तुम्हाला गप्प बसवलं, तो त्या कराराच्या फक्त वर्गणीच्या कलमाला हात लावतो.

शिवाय ॲट-विल म्हणजे वाटेल त्या कारणासाठी नव्हे. वंश, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व किंवा ४० च्या पुढचं वय, यासाठी काढलं असेल तर ते बेकायदा आहे. सहकाऱ्यांशी पगाराची चर्चा केली, चौघांनी मिळून कामाच्या तासांबद्दल तक्रार केली, म्हणून काढलं असेल तर तेही बेकायदा. १९३५ च्या वॅग्नर कायद्याचं हे संरक्षण युनियन नसलेल्या खासगी कंपनीतही चालतं. हे ऐकलं की लोकांना आश्चर्य वाटतं, कारण पगार सांगायचा नाही असं कंपनीच्या नियमपुस्तिकेत छापलेलं त्यांनी वाचलेलं असतं.

पण प्रत्येक दाराला मुदतीचं कुलूप आहे. वॅग्नर कायदा राबवणाऱ्या नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाकडे तक्रार सहा महिन्यांत. भेदभावाची तक्रार टेक्सस राज्याकडे १८० दिवसांत. ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे थोडी जास्त सवलत आहे, पण तिच्या भरवशावर झोपू नका. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तो हिशेब तर वेगळाच. सेव्हरन्सचे पैसे घेऊन तुम्ही बहुधा दाव्याचा हक्क सोडला आहे. मात्र वय ४० किंवा जास्त असेल, तर विचाराला किमान २१ दिवस आणि सही मागे घ्यायला सात दिवस द्यावे लागतात. तुम्हाला बैठकीतच सही करायला लावली असेल, तर वयाच्या भेदभावाचा दावा सोडल्याचं ते कलम टिकणार नाही, असा मुद्दा वकिलाला मांडता येईल. कागद आजच बाहेर काढा. मित्रांना फोन करू नका.

प्र. मिशिगनने कायदा रद्द केला. पत्नी सरकारी शाळेत शिक्षिका, मी मोटारींच्या सुट्या भागांच्या खासगी कारखान्यात. आता दोघांनाही पैसे भरावे लागणार? (ट्रॉय)

पत्नीला नाही. जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जॅनस’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की कोणत्याही राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्याकडून त्याच्या संमतीशिवाय युनियनची फी घेता येणार नाही.

तुमचं वेगळं आहे. मिशिगनचा २०१२ चा कायदा २०२३ मध्ये रद्द झाला आणि तो बदल फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. करारात कलम असेल तर फी भरावी लागेल. पूर्ण सभासद होण्याची सक्ती मात्र तुमच्यावर कोणीच करू शकत नाही, आणि राजकीय खर्चाचा वाटा देणार नाही असं युनियनला कळवता येतं. १९८८ च्या ‘बेक’ निकालाने तो मार्ग दिला. कराराची प्रत मागा आणि ती स्थानिक जाणकाराला दाखवा.

प्र. पैसे न भरता युनियनच्या कराराचा फायदा मिळतो, मग भरणारा मूर्खच ना? (चॅटनूगा)

कायद्याने तुम्हाला भरावं लागत नाही. बाकी तुमचा प्रश्न हाच या सगळ्या वादाचा गाभा आहे. कामगारांनी बहुमताने युनियन निवडली, की ती सभासद नसलेल्यांचीही प्रतिनिधी होते. त्यांची बाजू तिने प्रामाणिकपणे मांडावी असं कायद्याचं बंधन आहे. युनियनवाले म्हणतात, हा मेंटेनन्स न भरता लिफ्ट वापरणारा सोसायटीतला माणूस. विरोधक म्हणतात, मी या सोसायटीत यायला हो म्हटलंच नव्हतं, तुम्ही बहुमताने ओढलंत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र ‘आम्हाला न भरणाऱ्यांचंही ओझं’ म्हणणाऱ्या युनियनला सर्वांची एकमेव प्रतिनिधी हा दर्जाही हवा असतो, हे ती मोठ्याने सांगत नाही. आणि फुकट बसणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, की करार मंजूर करायच्या मतदानात बहुतेक युनियन फक्त सभासदांनाच मताचा हक्क देतात.

कायदा आला म्हणजे युनियन संपली, हेही खरं नाही. तुमच्याच गावात फोक्सवॅगनचे कामगार २०१४ आणि २०१९ मध्ये युनियनला नाही म्हणाले, एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ७३ टक्क्यांनी हो म्हणाले. लास वेगसच्या हॉटेल कामगारांची बलाढ्य कलिनरी युनियनही याच कायद्याच्या राज्यात उभी आहे.

प्र. मी विमान कंपनीत मेकॅनिक. टेक्ससमध्ये असूनही युनियन फी मागते. लूट? (ह्यूस्टन)

नाही. विमान आणि रेल्वे कर्मचाऱ्यांना रेल्वे लेबर ॲक्ट हा केंद्रीय कायदा लागू होतो, राज्याचा राइट टू वर्क कायदा नाही. भरणं थांबवण्याआधी वकिलाला विचारा.

प्र. या कायद्याने पगार वाढतो असा व्हॉट्सॲपवर तक्ता आला. भावाला उलटा तक्ता आला. खरा कुठला? (शार्लट)

दोन्ही तक्ते पुसून टाका. स्वस्त जमीन, कमी कर, घरभाडं हे सगळं एका कायद्याच्या खात्यावर मांडलेलं असतं. राहणीमानाचा खर्च धरून केलेल्या कामगारधार्जिण्या संस्थेच्या अभ्यासात पगार सुमारे ३ टक्के कमी दिसतो. समोरची बाजू नव्या कारखान्यांचे आकडे दाखवते. अभ्यासाला पैसे कोणी दिले ते आधी बघा. मतदार मात्र पक्षाच्या हिशेबाने चालतीलच असं नाही. रिपब्लिकनांच्या मिसूरीत विधिमंडळाने हा कायदा केला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी तो फेटाळला.

प्र. कंपनीने बैठक घेतली. बाहेरचे एक ‘तज्ज्ञ’ म्हणाले, या राज्यात युनियनला अर्थच नाही. मी एच-१बीवर, टीम लीड आहे. युनियन हवी असं सांगणाऱ्या कार्डावर सही करू का? (अटलांटा)

ते तज्ज्ञ कंपनीच्या पैशाने आले होते. युनियन येऊ नये म्हणून लोकांचं मन वळवणं हा त्यांचा धंदा आहे, आणि अशा कामाच्या मोबदल्याची माहिती कामगार खात्याला द्यावी लागते. तुम्हाला पैसे कोण देतं, हा प्रश्न त्यांना सर्वांसमोर विचारायला हवा होता.

सहीबद्दल: १९३५ चा कायदा व्हिसा पाहत नाही, पण सुपरवायझरला तो संरक्षण देत नाही. टीम लीड या पदनामाने काही ठरत नाही. तुम्ही लोकांना कामावर घेता का, काढता का, स्वतःच्या अधिकाराने कामं वाटता का, यावर ठरतं. तुमच्या कामाचं लेखी वर्णन घेऊन आधी कामगार वकिलाला भेटा, आणि त्याच आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलालाही. तोवर कुठल्याच कागदावर सही नको, कंपनीच्याही नाही.